पोतं तं भरून देलं, मग कमी काय भरलं?

(प्रताप नगर, नागपूर येथे सहकारी व देणगीदार यांच्या सभेत केलेले भाषण. श्रोत्यांनी मध्ये विचारलेले प्रश्न मजकुरातच घेतले आहेत.)



पाळकसाहेबांनी मला वीस मिनिटे दिली आहेत आणि घड्याळ नेमके माझ्यासमोर टांगले आहे, म्हणून प्रास्ताविक करत नाही. वसतिगृहाचा आणि शिवणवर्गाचा अहवाल छापून तुमच्या खुर्च्यांवर ठेवला आहे, तो घरी निवांत वाचावा. आज मला एका पोत्याविषयी बोलायचे आहे.

गडचिरोली जिल्ह्यात आपल्या कामाशी जोडलेला महिलांचा एक गट आहे, हे तुम्हाला माहीत आहे. मोह, चारोळी, हिरडा, बेहडा हे तर त्या पिढ्यान्‌पिढ्या वेचत आल्या. दोन वर्षांपासून त्या भुईनिंबही गोळा करतात. काही जण त्याला कालमेघ म्हणतात, आयुर्वेदाच्या दुकानात तेच नाव चालते. हातभर उंचीचे झुडूप, पण कडूपणा असा की पाला चोळल्यावर दोनदा हात धुतले तरी रात्री भात कडू लागतो. हा कडूपणा ज्या द्रव्यामुळे येतो त्याला अँड्रोग्राफोलाइड म्हणतात. औषधे बनवणाऱ्यांना पाला नको असतो, त्यांना हे द्रव्य हवे असते.

गेल्या हंगामात बायांनी पाला वाळवून, निवडून, पोती शिवून एका व्यापाऱ्याकडे पाठवली. काही दिवसांनी निरोप आला की मालात ‘कंटेंट’ कमी आहे, म्हणून भाव तोडावा लागेल. सोबत तपासणीचा एक कागद होता, इंग्रजीत, त्यावर एक टक्केवारी आणि एक शिक्का. तो कागद घेऊन मी गावात गेले. गटातल्या सर्वांत वयस्क आजींनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि मला विचारले, “पोतं तं भरूनच देलं होतं ना आमी? काट्यावर वजन बी बरोबर आलं. मंग कमी काय भरलं?”

मला उत्तर देता आले नाही. मी ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा केलेली बाई. रसायनशास्त्र दहावीनंतर सुटले ते सुटलेच. नागपूरला परत आल्यावर मी औषधनिर्माणशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांकडे तो कागद नेला. त्यांनी आकड्याकडे पाहिलेच नाही. त्यांनी विचारले, “अर्क कशात काढला? पाण्यात की अल्कोहोलमध्ये? किती वेळ? किती तापमानाला? पूड किती बारीक केली होती?” कागदावर यातले काहीच नव्हते. तेव्हा ते म्हणाले, “मग ताई, हा आकडा तुमच्या पाल्याचा आहे की त्यांच्या भांड्याचा, हे कळायला मार्ग नाही.”

गेले सहा महिने मी या एका वाक्यामागे लागले आहे. त्यातून जे शिकले तेच आज सांगते.

वनस्पतीत औषधी द्रव्य किती आहे हे डोळ्यांना दिसत नाही. आधी ते बाहेर काढावे लागते आणि मग मोजावे लागते. जे बाहेर आलेच नाही ते मोजले जात नाही. म्हणजे अर्क काढण्याची रीत कच्ची असेल तर उत्तम पालासुद्धा कागदावर हलका ठरतो. समजा, एक किलो वाळल्या पाल्यात २० ग्रॅम कडू द्रव्य आहे. एका रीतीने त्यातले १० ग्रॅम बाहेर आले, दुसऱ्या रीतीने १६ ग्रॅम आले. पाला तोच, रान तेच, वेचणारे हात तेच. पण पहिल्या कागदावर एक टक्का लिहिले जाईल आणि दुसऱ्यावर १.६ टक्के. कारखान्याला एक किलो शुद्ध द्रव्य हवे असेल तर पहिल्या रीतीने १०० किलो पाला लागेल आणि दुसऱ्या रीतीने ६२.५ किलो. उरलेला साडेसदतीस किलो पाला रानात उभा राहू शकतो, किंवा बाईच्या डोक्यावरचे तेवढे ओझे कमी होऊ शकते.

रीत बदलल्याने किती फरक पडतो याचे एक उदाहरण सांगते, कारण गडचिरोलीत काम करणाऱ्या कोणालाही ते जवळचे वाटेल. आपल्या राज्यात मलेरियाचा फार त्रास असलेला हा जिल्हा आहे. तिथे फाल्सिपॅरम मलेरियाच्या रुग्णाला ज्या गोळ्या देतात त्यांत आर्टेसुनेट असते. हे औषध मुळात चीनमधल्या एका रानटी झुडपातून आले. १९६७ साली चीनने मलेरियावर औषध शोधण्याची मोठी मोहीम सुरू केली. पुढे तू यूयू नावाच्या संशोधिकेकडे त्यातले एक पथक आले. त्यांनी जुन्या ग्रंथांतले दोन हजारांवर उपाय गोळा केले आणि शेकडो अर्क उंदरांवर तपासले. या झुडपाचा अर्क कधी गुण द्यायचा, कधी अजिबात द्यायचा नाही. मग चौथ्या शतकातल्या एका वैद्याच्या ग्रंथात त्यांच्या लक्षात आले की तिथे पाला उकळायला सांगितलेलेच नाही, थंड पाण्यात भिजवून पिळायला सांगितले आहे. उष्णतेनेच औषध मरत असेल का? त्यांनी ईथर वापरले, जे साधारण ३५ अंशांनाच उकळते. १९७१ च्या ऑक्टोबरात १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांतल्या मलेरियावर शंभर टक्के उतरला. पुढच्या वर्षी त्यांनी तो अर्क आधी स्वतः घेऊन पाहिला आणि मग रुग्णांना दिला. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

झुडूप तेच होते, बदलली ती उष्णता. रीत बदलली नसती तर ‘या झाडात काही नाही’ असा शेरा मारून फाइल बंद झाली असती, आणि आज एटापल्लीच्या किंवा भामरागडच्या आरोग्य केंद्रात ती गोळी नसती.

आता आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण. हे ऐकून आनंदही होतो आणि वाईटही वाटते.

नंदुरबार हा आदिवासी जिल्हा. तिथे १९२५ साली जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात शिकून अमेरिकेला गेले. तिथे नॉर्थ कॅरोलिनातल्या प्रयोगशाळेत मन्‍रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी चीनमधल्या एका झाडातून कॅम्पटोथेसिन नावाचे द्रव्य वेगळे काढले. ते १९६६ साली प्रसिद्ध झाले. १९७१ मध्ये याच जोडीने यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल काढले. कर्करोगावरच्या केमोथेरपीत आज ही दोन नावे किती मोठी आहेत, हे ज्यांच्या घरात हा आजार येऊन गेला त्यांना सांगायला नको. वाणीसाहेब २०२० साली वारले. आपल्या किती वसतिगृहांत त्यांचा फोटो आहे? आपल्याही नाही. हे मी स्वतःलाच विचारत आहे.

चीनमधल्या झाडातले ते कॅम्पटोथेसिन १९७२ साली आपल्याकडच्या एका झाडात सापडले. मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात काम करणाऱ्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी ते दाखवून दिले. झाड म्हणजे सह्याद्रीतला नरक्या. त्याला दुर्गंधी येते म्हणून हे नाव. कोकणात, कोल्हापूरकडच्या घाटात त्याला कोणी विचारत नव्हते. कॅम्पटोथेसिनपासून बनलेल्या दोन औषधांना १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली आणि नरक्याच्या लाकडाला भाव आला. या झाडात औषधी द्रव्य असते ते एक टक्क्यापेक्षाही कमी. किलोभर वाळल्या चुऱ्यातून काही ग्रॅम. म्हणजे थोड्याशा औषधासाठी ढीगभर लाकूड हवे. मग झाडे बुंध्यापासून, कधी मुळांसकट गेली. चोरून तोड, ट्रक पकडले, गुन्हे दाखल झाले, अशा बातम्या सिंधुदुर्गातून वर्षानुवर्षे येत राहिल्या. तोडणारा हात बहुतेक वेळा गरिबाचाच होता, आणि त्याला मिळत होती मजुरी.

त्याच झाडावर आपल्याच राज्यात चांगले कामही झाले. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या संशोधकांनी २००५ साली नरक्यातून कॅम्पटोथेसिन काढण्याच्या चार रीती शेजारी शेजारी ठेवून तपासल्या: नुसते ढवळणे, सॉक्सलेटच्या उपकरणात पुन्हापुन्हा धुणे, ध्वनिलहरी, आणि सूक्ष्मलहरी, म्हणजे घरच्या मायक्रोवेव्हमध्ये असतात त्या. सूक्ष्मलहरींचे काम सरस ठरले आणि वेळही फार थोडा लागला. पुढे माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतूनही याच झाडावर अशा प्रकारचे काम झाले. कोणत्या गोष्टीचा किती परिणाम होतो हे तिथे मोजले गेले.

मी हे ऐकले तेव्हा मला वाटले, झाले, झाड वाचले. प्राध्यापक हसले. चांगल्या रीतीने अर्क निघाला म्हणून कुऱ्हाड थांबतेच असे नाही, ते म्हणाले. औषध स्वस्तात निघू लागले तर कधी कधी मागणी वाढते. त्यांचे बरोबर आहे. तोड थांबवायची तर ग्रामसभेचा हक्क, वनखात्याचा पहारा आणि लागवड हेच लागते. पण कच्ची रीत वापरणे म्हणजे तोडलेल्या झाडातलेही अर्धे औषध फेकून देणे, आणि त्याला कसलेही समर्थन नाही.

आता मुख्य प्रश्न: चांगली रीत शोधायची कशी? इथे संख्याशास्त्र येते. घाबरू नका, गणित नाही करणार.

घरी काढा करताना आपण काय काय बदलू शकतो? पाणी किती, आच किती, वेळ किती. आपल्याला शाळेपासून शिकवले आहे की एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळे तसेच ठेवा. हे शहाणपणाचे वाटते. पण इथेच फसगत होते.

तुम्ही चिखलदऱ्याला गेला असाल. समजा दाट धुके आहे, हातभर पुढचे दिसत नाही आणि तुम्हाला सर्वांत उंच जागा शोधायची आहे. तुम्ही ठरवले की आधी फक्त पूर्व-पश्चिम चालायचे. चढ संपला तिथे थांबलात. मग तिथून फक्त उत्तर-दक्षिण चाललात. तिथेही दोन्हीकडे उतार लागला. तुम्ही म्हणाल, हेच शिखर. पण डोंगराची धार तिरपी असेल, ईशान्येकडे चढत गेलेली, तर तुम्ही मधेच कुठेतरी उभे आहात आणि शिखर वर धुक्यात राहिले आहे. तिरपे पाऊल तुम्ही टाकलेच नाही ना!

अर्काचेही तसेच. अल्कोहोल जास्त असेल तर थोडा वेळ पुरतो, पाणी जास्त असेल तर जास्त वेळ लागतो. आच वाढवली तर वेळ कमी करावा लागतो, नाहीतर द्रव्य बिघडते. एका गोष्टीचा परिणाम दुसरीवर अवलंबून असतो. एकेक गोष्ट सुटी बदलणाऱ्याला हे कळत नाही.

यावर उपाय म्हणून प्रयोगांची आधीच आखणी करतात. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी याचा पाया घातला; त्यांचे त्या विषयावरचे पुस्तक १९३५ चे. १९५१ साली जॉर्ज बॉक्स आणि विल्सन यांनी रासायनिक कारखान्यासाठी ही डोंगर चढण्याची युक्ती मांडली. बॉक्स हे मूळचे रसायनवाले, फिशर यांची पुस्तके वाचून संख्याशास्त्राकडे वळलेले आणि पुढे फिशर यांचेच जावई झाले. (आपल्याकडे लग्ने जुळवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.) १९६० मध्ये बॉक्स आणि बेनकेन यांनी दिलेली आखणी आज औषधी वनस्पतींच्या कामात फार वापरतात. तीन गोष्टी, प्रत्येकीच्या तीन पायऱ्या, कमी, मध्यम, जास्त. सगळ्या जोड्या करायच्या तर २७ प्रयोग होतात. या आखणीत १५ पुरतात, आणि त्यातले तीन तर एकच प्रयोग पुन्हापुन्हा असतो.

इथे मागून एका भावाने विचारले की तोच प्रयोग तीनदा कशाला, पैसे वाया नाहीत का. अंगणवाडीत बाळाचे वजन करताना पाहा. तेच बाळ, तोच काटा, पण तीनदा ठेवले तर काटा तीनदा अगदी तेच दाखवत नाही. तो फरक किती हे माहीत नसेल तर पुढच्या महिन्यात बाळ खरेच वाढले की काटाच हलला, हे कसे सांगणार? मधला प्रयोग तीनदा करतात तो यासाठी. आमच्या त्या कागदावर एकच आकडा होता. काटा किती हलतो हे कुठेच लिहिले नव्हते, आणि त्यावर भाव तुटला.

आणखी एक नियम मला फार आवडला. १५ प्रयोग कोणत्या क्रमाने करायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. सोपे आधी, कठीण नंतर, असे नाही. कारण सकाळी गॅसची आच वेगळी असते, दुपारी वीज कमीजास्त होते, संध्याकाळी माणूस थकलेला असतो. क्रम आपण ठरवला तर या गोष्टींचे खापर चुकून आच किंवा वेळ यांच्यावर फुटते. मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली हे प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो, पण प्रयोगशाळेत चिठ्ठ्या टाकतात हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळले.

१५ आकडे हाती आले की संगणक त्यातून डोंगराचा नकाशा काढतो, समान उंचीच्या रेषांचा. शिखर कुठे असेल याचा अंदाज मिळतो, मग त्या ठिकाणी प्रत्यक्ष प्रयोग करून तो खरा की खोटा हे पडताळावे लागते. हे पडताळणे गाळले तर बाकी सगळे कागदावरच राहते. आणि नकाशा आपण फिरलो तेवढ्याच मुलखाचा असतो. ३० ते ६० अंशांमध्ये प्रयोग केले असतील तर ९० अंशांविषयी त्याला काही विचारू नये.

पण शिखर कशाचे, हे संगणक ठरवत नाही. ते माणसाला ठरवावे लागते, आणि माझे आजचे खरे बोलणे याविषयीच आहे.

आपल्यातल्या एका कुटुंबाने मोठ्या मनाने असे सुचवले आहे की गटाला अर्क काढण्याचे यंत्र घेऊन द्यावे, म्हणजे बाया पाल्याऐवजी अर्कच विकतील आणि व्यापाऱ्याची गरज उरणार नाही. त्या कुटुंबाचा हेतू निर्मळ आहे आणि मी त्यांच्याशी आधी बोलले आहे, म्हणून इथे उघड बोलते. मी सहा महिन्यांपूर्वी याला लगेच हो म्हटले असते. आज मी म्हणते, थांबू या.

पहिली गोष्ट, भुईनिंबाचे कडू द्रव्य पाण्यात फार थोडे विरघळते. ते नीट काढायचे तर अल्कोहोल किंवा तसेच काही लागते. पाणी थोडे असले तर चालते, कारण पाण्याने पाला फुगतो आणि आतले द्रव्य सुटायला मदत होते. आता गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. ती बंदी आणण्यासाठी याच बायांच्या पिढीने मोर्चे काढले. त्यांच्या गावात आपण अल्कोहोलचे पिंप उतरवायचे? परवाना मिळेल की नाही हा पुढचा प्रश्न, त्या आधी त्याच आपल्याला वेशीवर अडवतील आणि अडवायलाच हवे. संगणकाचा नकाशा अल्कोहोलच्या बाजूला शिखर दाखवेल. पण त्या शिखरावर या गावाला घर बांधता येत नाही.

दुसरी, नुसत्या पाण्यात तासन्‌तास उकळायचे म्हटले तर सरपण कोण आणणार? डोक्यावर मोळी बाईच्याच. म्हणून प्राध्यापकांना मी सांगितले आहे की तक्त्यात अर्क किती निघाला या रकान्याशेजारी जळण किती लागले असाही रकाना हवा. त्यांना आधी गंमत वाटली, मग त्यांनीच तो आखून दिला.

तिसरी, अर्क जितका दाट तितका मात्रेचा धोका जास्त. काढा जास्त झाला तर तोंड कडू होते, पण दाट अर्काचे तसे नाही. औषध म्हणून काही बनवून विकायचे तर परवाना, तपासणी, लेबल हे सगळे कायद्याने लागते, आणि ते योग्यच आहे. बाळंतिणीला, लहान मुलाला कोणी घरगुती दाट अर्क पाजला आणि काही झाले, तर आपण कोणाला तोंड दाखवणार?

मग गटाने काय करायचे? मला जे पटले ते असे की अर्क काढणे नागपुरातच होऊ द्यावे आणि गावाने दोन गोष्टी हातात घ्याव्यात: वाळवण आणि नमुना.

वाळवणाचे सांगते. हा पाला सावलीत, हवेशीर जागी वाळवावा, दमट जागी ढीग लावून ठेवू नये, आणि फार महिने साठवू नये, कारण साठवणीत कडू द्रव्य कमी होत जाते. ते मुख्यतः पानांत असते. जाड काड्यांनी वजन भरते पण टक्केवारी पडते. त्या आजींना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “मंग वजनानं पैसे कायले देतेत? काड्या घालूनच देऊ ना आमी!” याला मी काय उत्तर देणार? व्यापारी वजनाने घेतो आणि टक्केवारीने तोडतो. पाने आणि काड्या वेगळ्या करून, पानांना पानांचा भाव मागायचा, असे आता गटाने ठरवले आहे. निवडायला दुप्पट वेळ लागतो, त्याची मजुरी भावात धरली पाहिजे.

नमुन्याचे तर याहून महत्त्वाचे आहे. पोत्याच्या तोंडाशी हात घालून मूठभर उचलला तर तो नमुना नव्हे. सगळ्या पोत्यांतला थोडा थोडा माल स्वच्छ ताडपत्रीवर ओतायचा, मिसळायचा, ढीग करून चपटा करायचा, चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन बाजूला करायचे. उरलेल्याचे पुन्हा तसेच. शेवटी ओंजळभर राहते ती साऱ्या मालाची ओंजळ असते. तिचे तीन सारखे वाटे करून तीन पिशव्या शिवायच्या, एक व्यापाऱ्याला, एक आपल्या तपासणीला, एक गटाच्या पेटीत सही-अंगठ्यासह. उद्या कोणी टक्केवारीचा कागद पुढे केला तर पेटीतली पिशवी काढता येईल. दोन बायकांनी हे एका सकाळी शिकून घेतले, आणि तिसऱ्या दिवशी त्या दुसऱ्यांना शिकवत होत्या. धान्याचे वाटे करण्याची सवय असलेल्या हातांना यात नवीन काही नव्हते.

वनहक्क कायद्याने, २००६ च्या, गौण वनोपजाची मालकी आदिवासींना दिली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा त्या वाटेने गेल्या. मालकी आली, पण माल मोजण्याची रीत आजही दुसऱ्याच्या हातात आहे. पोते तुमचे आणि टक्केवारी त्याची, अशी ही मालकी झाली. केरळात काणी आदिवासींनी आरोग्यपच्चा ही वनस्पती संशोधकांना दाखवली, तिच्यापासून ‘जीवनी’ नावाचे औषध बनले, आणि १९९० च्या दशकात परवान्याच्या पैशातला अर्धा वाटा त्यांच्या विश्वस्त निधीला देण्याचे ठरले. ते उदाहरण जगभर सांगितले जाते. आपल्या बाया एवढे मोठे काही मागत नाहीत, फक्त भाव कशावरून ठरला हे त्यांना कळायला हवे आहे.

म्हणून माझी विनंती अशी आहे. यंत्रासाठी जे पैसे ठेवले आहेत त्यातून तीन गोष्टी कराव्यात. गावात वाळवणासाठी एक पत्र्याची, वर जाळी असलेली शेड. नमुन्यासाठी ताडपत्र्या, चाळण्या आणि एक चांगला तराजू. आणि नागपुरात १५ प्रयोगांचा आणि त्यानंतरच्या पडताळणीचा खर्च. यात यंत्राएवढा खर्च नाही, आणि फोटो काढून छापण्यासारखे तर मुळीच काही नाही. चाळणीचा फोटो कोण छापणार? आपल्या घरांपासून व्हीएनआयटी जवळ आहे, अमरावती रस्त्यावर विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग आहे, १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था म्हणून सुरू झालेले आजचे विद्यापीठ आहे. या सभेत बसलेल्या कोणाची मुले तिथे शिकत असतील, कोणाचे जावई शिकवत असतील. पैशाइतकीच मला अशा ओळखींची गरज आहे.

ज्या बहिणीने विचारले की एवढ्याने भाव वाढेल याची खात्री आहे का, तिला मी खरे तेच सांगते: नाही. कदाचित तपासणीतून असेही निघेल की त्या पोत्यांतला माल खरेच हलका होता, काड्या जास्त होत्या, पाऊस लागला होता. तसे निघाले तर तेही मी गावात जाऊन सांगेन, आणि व्यापाऱ्याची मनातल्या मनात क्षमा मागेन. पण तेव्हा आजींना माझ्याकडे उत्तर असेल.

भुईनिंब पावसाळ्यानंतर फुलावर येतो, तोच कापणीचा काळ. त्या आधी शेडचे खांब उभे राहायला हवेत, कारण एकदा धानकापणी सुरू झाली की गावात कोणाला वेळ नसतो. ज्यांना तिकडे यायचे आहे त्यांनी सभेनंतर माझ्याकडे नाव द्यावे. गाडीत पाच जागा आहेत, एकीवर ताडपत्र्या ठेवायच्या आहेत, म्हणून चार.